साखळीतली पहिली

सोमवार, २ सप्टेंबर

काल चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांना एकेक वही वाटली. शाळेतली मुलं वापरतात तसली, निळ्या कव्हरची. सहा आठवडे त्यात लिहायचं: आज कोणता मोह आला, कोणत्या दाराने आला, आपण टिकलो की पडलो. दार म्हणजे डोळा, कान, पोट, जीभ वगैरे. सैतान भिंत फोडून येत नाही, आपणच कुठलं तरी दार लोटायचं विसरलेलो असतो, असं ते म्हणाले. शेवटच्या रविवारी ज्यांना इच्छा होईल त्यांनी साक्ष द्यायची, म्हणजे उठून सगळ्यांपुढे आपला अनुभव सांगायचा. वहीत नावं घालायची नाहीत, ती कोणाच्या हाती लागली तर बोभाटा नको, हेही बजावलं.

म्हणून इथे कोणाचंच नाव नाही. नवरा म्हणजे हे. जाऊ म्हणजे जाऊबाई, तिला वेगळं नाव ठेवायची गरज नाही. माझी बाकावरची मैत्रीण म्हणजे हळूबाई, कारण ती इतकं हळू बोलते की तिचा फोन आला की मला पंखा, रेडिओ आणि हे, असं सगळं बंद करावं लागतं. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो आणि मंडळीत ऑर्गन वाजवतो, तो घड्याळजी. बावीस वर्षं आम्ही दोघी तिसऱ्या बाकावर शेजारी शेजारी बसतो आहोत.

माझी दारं मला पाठ आहेत. पोट आणि राग. रागाला दार कोणतं ते पाळकसाहेबांनी सांगितलं नाही, मी कान लिहिणार आहे. आजपासून साखर बंद, चहातलीसुद्धा. संध्याकाळची मालिका बंद. जीभ हे दार मी लिहिलं नाही, कारण माझी जीभ देवाच्या कामी लागलेली आहे. प्रार्थना साखळीत मी पहिली. कोणाला अडचण आली की फोन माझ्याकडे येतो, मी जाऊबाईला करते, ती तिसरीला, अशा अकरा जणी. अर्ध्या तासात अकरा घरांत गुडघे टेकलेले असतात. आठ वर्षांत साखळी माझ्याकडून एकदाही तुटलेली नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

मोह: साखर. दार: पोट. सकाळी टिकले. दुपारी कामावर लाँड्रीच्या मालकिणीने आयता चहा पुढे केला, त्यात साखर आधीच घातलेली. ओतून देणं हेही बरं नाही म्हणून प्यायले. याला पडणं म्हणायचं की नाही ते विचारायला हवं.

हे म्हणाले, "सैतान एवढा रिकामा बसलाय का, तुझ्या चमचाभर साखरेच्या मागे लागायला?" कामावर बॉयलरच्या खोलीत दिवसभर एकटं बसून माणूस असा तिरकस होतो. मी राग गिळला. हे मात्र टिकण्यात धरते.

गुरुवार, ५ सप्टेंबर

दुकानात आज पाच कोट आणि एक लग्नाचा झगा. लाँड्रीच्या मागे माझी खोली, आरसा, एक पाट, एक शिवणयंत्र. गिऱ्हाईक पाटावर उभं राहतं, मी खाली बसून घेर नाहीतर उंची टाचते. तोंडात टाचण्या असतात, मला हूं एवढंच म्हणता येतं. त्यामुळे गिऱ्हाईक बोलत सुटतं. आजच्या झग्याच्या मुलीने सांगितलं की तिचं त्या माणसावर फारसं प्रेम नाही. जाताना म्हणाली, "तुमच्याशी बोलून किती बरं वाटलं." मी एक अक्षरही बोलले नव्हते.

ही देणगीच आहे असं मला कधी कधी वाटतं. लोक आपणहून येऊन मन मोकळं करतात. जाऊबाईकडे कोणी असं जात नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

उपासनेनंतर मागच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी कप विसळत होतो. हळूबाईने नळ पूर्ण सोडला आणि काहीतरी म्हणाली. मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"यांची प्रार्थना थांबलीय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"वर्ष होत आलं. रोज गुडघे टेकतात, पण पलीकडे कोणी असल्यासारखं वाटत नाही म्हणतात. परवा मला सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं गं."

मी विचारलं, मग दर रविवारी वाजवतात कसे? ती म्हणाली, तेवढं वाजवताना बरं वाटतं म्हणतात, तेवढंच हातात राहिलंय, त्याला धरून आहेत. मग तिने नळ बंद केला आणि लगेच पुन्हा सोडला.

"कोणाला सांगू नकोस हं. साखळीत तर अजिबात नको. मी तुला सांगितलंय हेसुद्धा त्यांना माहीत नाही. तू एकटीने प्रार्थना कर, बास."

मी म्हटलं, वेडी आहेस का, माझ्या पोटातच राहील. तिचा जीव भांड्यात पडला. ओल्या हाताने माझा दंड दाबला आणि तिच्या वाटणीचे कप पुसून ती गेली.

मी घरी येऊन लगेच प्रार्थना केली. चांगली अर्धा तास.

सोमवार, ९ सप्टेंबर

डोकं दुखतंय. साखर नाही म्हणून असेल.

बुधवार, ११ सप्टेंबर

अजून दुखतंय. आता हे साखरेचं नाही. तीन दिवस मनावर भार आहे, आणि हा भार प्रभूने टाकलेला आहे हे मला ओळखू येतं, आठ वर्षांचा अनुभव आहे. घड्याळजी डोळ्यांपुढून हलत नाहीत. कोट टाचताना, भाजी चिरताना, तेच. एकटीची प्रार्थना कुठे पुरणार? अकरा जणी असताना एकीनेच ओढायचं, याला काय अर्थ आहे?

आज एक गोष्ट लक्षात आली आणि अंगावर काटा आला. झाकून ठेवायला कोणाला आवडतं? अंधारात ठेवायला कोणाला आवडतं? मी गप्प बसावं असं नेमकं कोणाला वाटत असेल? हल्ला घड्याळजींवर झालाय आणि त्याच्याविरुद्ध आवाज उठू नये म्हणून माझं तोंड बांधलं गेलंय. दार: जीभ. म्हणजे उघडी नव्हे, बंद.

यांना नाव न घेता विचारलं. एखाद्याने गुपित सांगितलं, आणि त्याच्याच भल्यासाठी ते पुढे सांगावं लागलं तर?

"शब्द दिलास का?"

"दिला, पण—"

"मग झालं की," म्हणाले आणि पेपर उलटला. यांना आत्मिक गोष्टी कळत नाहीत.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज सकाळी जाऊबाईचा फोन. पाळकीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. मी म्हटलं, बरं, मी साखळीत सांगते. तर म्हणते कशी, "अगं, झालं सांगून. त्यांनी मलाच थेट केला ना फोन. तिसरीपासून अकरावीपर्यंत सगळ्यांना कळलं, तुझंच तेवढं राहिलं होतं." वर हसली. तळपायाची आग मस्तकाला गेली. पण मी शांतपणे म्हटलं, प्रभूची इच्छा. इथे टिकले.

फोन ठेवून गुडघे टेकले आणि तेव्हा तो भार इतका वाढला की श्वास घेता येईना. मला स्पष्ट कळलं की आता थांबणं म्हणजे आज्ञा मोडणं. पाच मिनिटांत जाऊबाईला उलटा फोन केला. म्हटलं, एक फार गंभीर विनंती आहे, अशी यापूर्वी साखळीत आलेली नाही. एका बंधूवर आत्मिक हल्ला झालाय, प्रार्थना पूर्ण थांबलीय, विश्वास डळमळलाय. नाव सांगू शकत नाही. संगीताची सेवा करतात, एवढंच.

पलीकडे ती गप्पच झाली. आठ वर्षांत ती पहिल्यांदा गप्प झाली असेल.

फोन ठेवल्यावर डोकं एकदम उतरलं. सहा दिवसांची डोकेदुखी गेली. उत्तर याहून स्पष्ट काय हवं? मोह: गप्प बसण्याचा. टिकले.

रविवार, १५ सप्टेंबर

घड्याळजी आज सुंदर वाजवत होते. साखळीतल्या बाकीच्या दहाही जणी त्यांच्या पाठीकडे बघत गात होत्या. पाचवीने तर गाताना डोळे पुसले. मला भरून आलं, एका माणसाभोवती इतकी प्रार्थना.

हळूबाईने विचारलं, "आज सगळ्यांना झालंय काय?"

"काय झालंय?" मी म्हटलं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

जाऊबाई दुकानात आली होती, तिच्या पँटची चेन बदलायला म्हणून. खरं कारण वेगळंच. मंडळीचे तीन वडील, म्हणजे कारभार बघणारे, काल घड्याळजींच्या दुकानात गेले होते. सातवीचा नवरा त्यातला एक. दुकानातच त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, सैतानाला हाकलून लावलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती काचेतून बघत होती. "घड्याळजी मान खाली घालून बसले होते म्हणे," जाऊबाई सांगत होती. "देव नाकारतात म्हणे उघड उघड. ऑर्गनवर असा माणूस बसवायचा तरी कसा?"

मी म्हटलं, असं कोण म्हणालं? देव नाकारतात असं मी म्हटलंच नव्हतं.

"अगं, अकराव्या घरापर्यंत जाताना थोडं इकडचं तिकडे होणारच."

मी नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडे ऑर्गन एकच आहे आणि तो वाजवणारा एकच आहे, हे तेव्हा सुचलं नाही. खरं लिहायचं तर सुचलं होतं. वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते, सुचलं होतं.

रविवार, २२ सप्टेंबर

ऑर्गनवर एक कॉलेजची मुलगी होती. चुकत होती, लाजत होती. पाळकसाहेबांनी जाहीर केलं की आपले बंधू थोडे दिवस विश्रांती घेत आहेत, त्यांना प्रार्थनेत धरा. विश्रांती हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

हळूबाई आली नाही. बावीस वर्षांत ती दोन बाळंतपणांना आणि एका टायफॉइडला चुकली होती, मग आजच. तिसऱ्या बाकावर मी एकटी बसले. कोणी शेजारी येऊन बसेल म्हणून पर्स बाजूला ठेवली होती. कोणी आलं नाही.

साखरेचं लिहायचं राहतंय. चहात दोन चमचे चालू आहे.

मंगळवार, २४ सप्टेंबर

हळूबाई दुकानात आली. हातात घड्याळजींचा काळा कोट, तोच, रविवारचा. म्हणाली, कंबरेत दोन बोटं घे, सैल होतोय. माणूस बरोबर नव्हताच, म्हणून तिनेच तो अंगात घातला आणि पाटावर उभी राहिली, खांदे लोंबत होते. मी खाली बसले आणि तोंडात टाचण्या धरल्या. एका कोटाला पुरतील त्यापेक्षा जास्त धरल्या.

"कोणीतरी सांगितलं," ती आरशात बघत म्हणाली. आज मला ऐकायला कान न्यावा लागला नाही. "ते दिवसभर दुकानात असतात, घरी येतात, जेवतात. रविवारी कपडे घालून तयार झाले आणि मग पुन्हा काढून ठेवले. आता कुठे जाऊन बसू म्हणाले. वाजवायचं होतं तेवढं तरी होतं म्हणाले."

हूं, मी म्हटलं.

"ज्याने सांगितलं त्याला मला क्षमा करायची आहे. जमत नाहीये. माझ्यासाठी प्रार्थना करशील?"

मी मान हलवली. टाचण्या एकेक करून काढून कोटात टोचत राहिले, दोन बोटांऐवजी तीन बोटं घेतली गेली. शेवटची टाचणी काढली तेव्हा तोंड रिकामं झालं आणि मी म्हटलं, शुक्रवारी घेऊन जा.

तिने कोट काढून दिला. किती होतील विचारलं. मी म्हटलं, काही नको. ती माझ्याकडे बघत राहिली. मग थँक्यू म्हणाली. ती मला आजवर कधी थँक्यू म्हणाली नव्हती.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

पाळकसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. वचन दिलं होतं हेही, जाऊबाईचा फोनही. रडले. वाटलं होतं ते रागावतील.

ते म्हणाले, "ताई, तुम्ही प्रेमापोटी केलंत. पद्धत चुकली असेल, हेतू शुद्ध होता." मग म्हणाले, शत्रू आता तुम्हाला दोषी ठरवून तुमची सेवा बंद पाडू बघतोय, त्याला बळी पडू नका. शेवटच्या रविवारी हेच साक्षीत सांगा, पुष्कळांना आशीर्वाद मिळेल. त्यांनी प्रार्थना केली. छान केली. पाळकीणबाईंनी कुबडीवर येऊन चहा दिला.

बाहेर पडले तेव्हा हलकं वाटत होतं. चौकापर्यंत टिकलं. चौकात घड्याळाचं दुकान लागतं, आणि त्याच्या काचेवर कागद होता: दुपारनंतर बंद.

मंगळवार, १ ऑक्टोबर

प्रार्थना होत नाही. गुडघे टेकते आणि मनात बाकीच्या दहा जणींचे आवाज येतात. सैतानाला हाकलते, पाळकसाहेबांनी शिकवलं तसं, मोठ्याने. हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "गेला का?" थोड्या वेळाने ते स्वतःच आत येऊन बाजूला बसले. थट्टा केली नाही. त्याने जास्तच रडू आलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

यांचं मनगटी घड्याळ घेऊन घड्याळजींकडे गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. घड्याळ फक्त निमित्त.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं. "याला काही झालेलं नाही," म्हणाले.

"मागे पडतं अधूनमधून."

"नाही पडत." झाकण लावलं, पण घड्याळ परत दिलं नाही. "त्या दिवशी ते तिघं आले तेव्हा मी असंच एक उघडून बसलो होतो. हात ठेवले डोक्यावर, तेव्हा एक स्क्रू पडला. अजून सापडला नाही. गिऱ्हाइकाला काय सांगू?"

मी खाली फरशीकडे बघितलं, जणू मलाच सापडणार होता.

"मी देव नाही असं म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "ऐकू येत नाही, एवढंच म्हटलं होतं. फरक आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"वहिनी, साखळीत तुम्ही पहिल्या. तुमच्याकडे कोणाकडून आलं?"

आता. हीच वेळ होती. तोंडात टाचण्या नव्हत्या, दुकानात तिसरं माणूस नव्हतं, ते थेट माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आठवत नाही, किती फोन येतात.

त्यांनी मान डोलवली. "विचारायला नको होतं मी. मी एकाच माणसाला सांगितलं होतं. म्हणजे घरातूनच गेलं." मग यांचं घड्याळ रुमालाने पुसून माझ्या हातात ठेवलं.

मोह कोणता होता? मला लिहिता येत नाही. मी घरी आले, भांडी घासली, पुन्हा घासली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

चार दिवस धीर गोळा केला. आज दुकानातून लवकर निघून हळूबाईच्या घरी गेले. ती इस्त्री करत होती. मी दारातच म्हटलं, "मी सांगितलं. साखळीत. मीच."

तिने इस्त्री उभी केली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या कोणाला सांगितलंच नव्हतं मी. तूच एक होतीस."

म्हणजे कोट घालून पाटावर उभी राहिली तेव्हाही माहीत होतं. मी कबूल करीन म्हणून मला जागा करून देत होती, आणि मी शुक्रवारी घेऊन जा म्हटलं. मी खाली बसले. तिला म्हटलं, तू ओरड माझ्यावर, काहीही बोल. ती म्हणाली, "तुला सांगताना मला ठाऊक होतं तुझ्या पोटात राहत नाही. बावीस वर्षं ओळखते तुला. तरी सांगितलं. मला एकटीला पेलवत नव्हतं. त्यांनी मला सांगितलं, मी तुला, तू पुढे. मी वेगळी कुठे आहे?"

मी म्हटलं, मी जाऊन घड्याळजींना सांगते, तुझ्यावरचा संशय तरी जाईल. ती म्हणाली, संशय नाहीच, खरंच आहे ते, मीच बाहेर काढलं. ते माझ्याशी बोलतात, पण मीठ दे, किल्ली कुठे आहे, एवढंच. दुसरं काही आता ते कधी मला सांगतील असं वाटत नाही.

इस्त्रीला पुन्हा हात घालत म्हणाली, "रविवारी त्यांना घेऊन येणार आहे. मागच्या बाकावर बसू, एकदाच, बघू म्हणालेत. ऑर्गनचं काही नाही, नुसतं बसायला. तू एकच कर माझ्यासाठी. बोलू नकोस. चांगलंसुद्धा बोलू नकोस. चारचौघांत आमचं नाव निघालं तर ते पुन्हा यायचे नाहीत."

"आणि माफी?"

"तीसुद्धा नको गं," ती म्हणाली, पुन्हा पहिल्यासारखं हळू. नंतर तिने चहा विचारला नाही आणि मी निघाले.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पाळकसाहेबांचा फोन. उद्याच्या साक्षीत तुमचं नाव धरलंय. मी म्हटलं, बघते. नको म्हणता आलं नाही. का आलं नाही?

आज दिवसभर मनातल्या मनात ती साक्ष बोलतेय. नाव घेणार नाही. "एका बहिणीने माझ्यावर विश्वास टाकला," अशी सुरुवात. मग वचन, मग भार, मग पडणं. लोक रडतील. पाचवी नक्की रडेल. नंतर सगळ्या येऊन मिठी मारतील, म्हणतील किती धैर्य लागतं असं कबूल करायला. आणि मी मोकळी होईन. एकच कोट टाचत तीन वेळा हे सगळं बोलून झालं, आणि तिसऱ्या वेळी लक्षात आलं की मला बरं वाटतंय. त्या शनिवारी फोन ठेवल्यावर वाटलं होतं अगदी तसंच.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग जाऊच नकोस उद्या."

नाही गेले तर ती दोघं समजतील की तोंड लपवलं. गेले तर मला माझी खात्री नाही. पन्नाशी उलटलेली बाई, आणि स्वतःच्या तोंडाची खात्री नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी गेले. हे माझ्या शेजारी तिसऱ्या बाकावर बसले, नेहमी मागे बसून डुलक्या काढतात ते. ती दोघं उपासना सुरू झाल्यावर आली आणि शेवटच्या बाकावर बसली. मी मान वळवली नाही, पण बाकीच्या दहा जणींच्या माना वळल्या, त्यावरून कळलं.

साक्षी सुरू झाल्या. एकाने सिगारेट सोडली होती. जाऊबाई उठली आणि तिने नणंदेशी सात वर्षांचा अबोला कसा मोडला ते सांगितलं. खरंच चांगलं सांगितलं. लोक रडले. पाचवी रडली. माझ्या आत काहीतरी उभं राहिलं, आणि पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या प्रार्थना साखळीतल्या पहिल्या बहिणीला प्रभूने फार खोल धडा दिलाय, तो आपण ऐकू या."

मी उठले. उठताना माझं काही ठरलेलं नव्हतं हे इथे लिहून ठेवते. यांनी माझी बाही धरली होती, ती सुटली. मी लोकांकडे तोंड करून वळले. "एका बहिणीने" हे शब्द तयार होते, जिभेवर आले होते.

आणि मला मागचा बाक दिसला. हळूबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होती. घड्याळजी तोच काळा कोट घालून बसले होते, कंबरेत मी जास्त घेतलेला, आणि त्यांनी पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी पकडली होती. ते माझ्याकडे बघत होते. साठीचा माणूस, मंडळीत ज्यांच्याकडे सगळे मानाने बघायचे, ते मला घाबरले होते. मी श्वास घेतला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि ते प्रार्थनेसाठी मिटले नव्हते.

मी म्हटलं, "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही." आणि बसले.

पाळकसाहेब थोडं थांबले, हसले, प्रभू योग्य वेळी बोलायला लावील म्हणाले. जाऊबाई मागून कुजबुजली, "घाबरलीस होय गं?" प्रार्थनेत म्हणायला एक शब्द सापडेना, नुसतं ये, ये म्हणत राहिले, आणि कोणी आल्यासारखं वाटलं नाही.

शेवटच्या गीताला त्या कॉलेजच्या मुलीने सूर धरला तेव्हा ती दोघं उठून गेली. मी बाहेर आले तेव्हा फाटकापाशी पोचली होती, ती पुढे, ते दोन पावलं मागे. पुढच्या रविवारी येतील की नाही माहीत नाही. हाक मारली नाही.

घरी आल्यापासून एकच विचार करतेय. आज मी खरंच टिकले, की पुन्हा एकदा गप्प बसून स्वतःची सुटका करून घेतली? कोणाला तरी विचारायला हवं. पण विचारायचं तर आधी त्याला सगळं सांगावं लागेल.